दरीकडे पाठ केलेली खुर्ची

या सदरातले अनुभव मी नेहमी वाचते, आणि खोटं कशाला बोलू, निम्मे वाचून मला हसू येतं. पांढरी साडी, पैंजणांचा आवाज, मागे वळून पाहिलं तर कोणीच नाही... मी नंदुरबारला हायस्कूलमध्ये विज्ञान शिकवते. वर्गात लिंबू-मिरचीचा विषय निघाला की मी लिंबांत तारा खुपसून त्यावर बारका दिवा लावून दाखवते. पोरांना सांगते, बघा, लिंबाची ताकद एवढीच, बाकी सगळी तुमच्या डोक्यातली भुतं. तर अशी मी. आणि हे लिहायला बसले आहे.

आधीच सांगून टाकते, मला भूत दिसलेलं नाही. मला काहीच दिसलं नाही. मी पोचले तेव्हा फक्त एक खुर्ची होती आणि एक ताट.

आमचं गाव शहादा तालुक्यात, तापीच्या पट्ट्यात. नाव लिहीत नाही, भाऊबंदांच्या हातातही मोबाईल आहेत. वडील आम्ही लहान असतानाच गेले. घरात माय, मी आणि माझ्याहून मोठा दादा, मायचा ‘बापू’. शेती दादानेच सांभाळली. आधी कापूस, मग पपई. मला शिकवलंही त्यानेच. लहानपणी मी गल्लीतली पोरं ओट्यावर बसवून त्यांना पाढे म्हणायला लावायचे, म्हणून तो मला ‘मास्तरीण’ म्हणायचा. पुढे मी खरंच मास्तरीण झाले, पण ते बघायला तो नव्हता.

दादाची एक सवय सांगायला हवी. वडील गेल्यावर माय सगळ्यांना वाढून शेवटी स्वतः जेवायची, आणि कित्येकदा तिच्या वाट्याला नुसती भाकरी-चटणी उरायची. हे दादाच्या लक्षात आलं तेव्हा तो शाळकरी पोर होता. त्या दिवसापासून त्याने हट्टच धरला... माय, तू बठ, मंग मी बससू. शेतातून कितीही भुकेला येवो, मायच्या तोंडात घास गेल्याशिवाय त्याने ताटाला हात लावला नाही. लग्न झाल्यावरही नाही. वहिनी नवी होती तेव्हा चिडायची, तुमचं माय-लेकाचं होऊ द्या, मी आपली उपाशी बसते. मग तीही हसायची.

दुसरी सवय वडिलांकडून आलेली. जेवण झालं की ताटात घोटभर पाणी ओतायचं, बोटाने ताट धुवायचं आणि ते पाणी पिऊन टाकायचं. अन्नाचा कण वाया जायला नको म्हणून. मग पेला ताटात पालथा घालायचा. मला त्याची किळस यायची, आणि मी तोंड वाकडं केलं की तो मुद्दाम मिटक्या मारायचा.

काही वर्षांपूर्वी महाशिवरात्रीला दादा गावातल्या मित्रांबरोबर तोरणमाळच्या यात्रेला गेला. ज्यांनी ती यात्रा पाहिली नाही त्यांना गर्दीची कल्पना येणार नाही, सातपुडा सगळा तिथे लोटतो. दर्शन झालं, मित्रांनी झाडाखाली घरून आणलेले फराळाचे डबे सोडले. दादा म्हणाला, ‘तुम्ही बसा फराळले, मी उनूच.’ आलोच म्हणून गेला तो गेलाच. मोटरसायकल होती तिथेच उभी. पोलिसांनी शोधलं, पाड्यांवरच्या लोकांनी दऱ्यांमध्ये उतरून शोधलं, आम्ही नाशिकपासून सुरतेपर्यंत फोटो चिकटवले. काही म्हणजे काही हाती लागलं नाही.

तेव्हापासून माय रोज रात्री एक भाकरी दुरडीत झाकून ठेवायची. सकाळी ती गाईला घालायची, आणि रात्री परत नवी. कोणी काही बोललं तर तिचं एकच... मन्हा पोऱ्या जित्ता शे.

आता आखाजीबद्दल दोन शब्द, कारण पुण्या-मुंबईच्या वाचकांना अक्षय्य तृतीया म्हणजे सोनं घ्यायचा दिवस. आमच्या खान्देशात ती आखाजी, दिवाळीपेक्षा मोठी. सासुरवाशिणी माहेरी येतात, कडुनिंबाला झोके बांधले जातात, बाप्ये उघड्यावर पत्ते कुटतात. आणि त्याच दिवशी घरातल्या गेलेल्यांची घागर भरतात. कुंभाराकडून नवी घागर आणायची, पाणी भरायचं, वर आंबा नाहीतर खरबूज ठेवायचं. गेलेल्याच्या नावाने एखाद्या माणसाला ‘पितर’ म्हणून जेवायला बोलवायचं. आमच्या घरी तरी असं आहे की आधी पितर जेवतो. त्याचं जेवण होईपर्यंत घरातलं लहान पोरही आमरसात बोट घालत नाही.

दादाची घागर आम्ही कधी भरली नव्हती. भरली म्हणजे तो गेला, हे आपल्या हाताने कबूल केल्यासारखं. आणि त्या न भरलेल्या घागरीत सगळ्यात जास्त अडकली होती ती वहिनी. हळदीकुंकवाला बायका तिच्यापाशी आल्या की करंडा धरलेला हात थबकायचा. लावावं की नाही? ती स्वतःच उठून आत निघून जायची. तिच्या भावाने विसरवाडीला हायवेला कपड्यांचं दुकान टाकलं, तो म्हणायचा, ये, शिलाईचं काम तू बघ. ती जायला तयार होती. पण ‘तो उना आनि मी घरमा नसनू ते?’ असं स्वतःच विचारायची आणि थांबायची.

यंदा आखाजीच्या आदल्या दिवशी मी माहेरी गेले तर अंगणात नवी घागर. आमचे चुलते, आबा, न विचारता घेऊन आलेले.

‘वहिनी, किती दिन त्याले तान्हेला ठेवशी?’ आबा मायला म्हणत होते. ‘त्यानी घागर भर. त्याले पानी भेटू दे.’

‘जित्त्या मानूसनी घागर भरू का मी?’ मायने ती घागर उचलली आणि भिंतीशी पालथी घातली. ‘मन्हा घरमा हाऊ विषय काढू नका.’

आबा वाईट नाहीत, दादा गेल्यावर आमचं शेत त्यांनीच पाहिलं. पण बोलता बोलता आवाज चढले, शेजारणी दारात आल्या. तेवढ्यात आतून वहिनी बाहेर आली आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा सगळ्यांसमोर बोलली. ‘माले एक डाव तठे लई चाला. तोरनमाळले. मी तो डोंगर देखेल नही. तठून येसू, मंग तुम्ही सांगशात तसं करसू.’

मी गाडीची किल्ली उचलली. मला वाटलं मायला घरी ठेवावं, तर ती चप्पल घालून आधी गाडीत जाऊन बसली. आबांना मी नुसतं म्हटलं, जरा जाऊन येते. कुठे ते सांगितलं नाही. हे लक्षात ठेवा, कारण मी स्वतः याच मुद्द्यावर अनेकदा डोकं फोडून घेतलं आहे.

म्हसावद गेलं, राणीपूर गेलं, मोबाईलची रेंज गेली. घाट सुरू झाला आणि वहिनीला गाडी लागली. एका वळणावर बराच वेळ थांबलो. ती दगडावर डोकं धरून बसलेली, माय तिच्या पाठीवरून हात फिरवत होती. वैशाखातला सातपुडा. साग नागडा उभा, मोहाला नवी तांबूस पालवी, आणि वारा मात्र वर चढू तसा गार. मला तर आपण इथे नेमकं काय बघायला आलो हेच कळेना.

वर पोचल्यावर यात्रा भरते त्या जागेकडे आधी गेलो. तिथे काय असणार? मोकळी जमीन, दोन-चार दुकानं, तलावावरून येणारा वारा. वहिनीने एका झाडाच्या बुंध्याला हात लावला, म्हणाली, हेच का? मी म्हटलं, माहीत नाही वहिनी. माय गाडीतून उतरलीच नाही. दुपार झाली होती, घरातून भांडणात निघालेलो, सकाळपासून कोणाच्या पोटात काही नव्हतं. मी म्हटलं, कुठेतरी जेवू आणि परत फिरू. माय म्हणाली मला भूक नाही. मी आपली गाडी रस्ता जाईल तशी दरीच्या बाजूला वळवली.

ते हॉटेल मला तिथेच पहिल्यांदा दिसलं. नवीनच होतं. पत्र्याचं छप्पर, पुढे लांबलचक ओटा, आणि ओट्याच्या टोकाला लोखंडी कठडा. कठड्याच्या पलीकडे जमीन एकदम संपते. खाली दरी, दरीपलीकडे डोंगर, त्यामागे फिकट डोंगर, त्यामागे अजून फिकट, शेवटचा कुठला आणि आभाळ कुठलं ते सांगता येत नाही. घारी आपल्या पायाखाली उडतात. घारीची पाठ मी आयुष्यात पहिल्यांदा पाहिली, पंखांवर ऊन पडलेलं. लोक सुरतेहून, धुळ्याहून हा देखावा बघत जेवायला येतात. सगळ्या खुर्च्या त्यासाठीच एका बाजूला, दरीकडे तोंड करून मांडलेल्या.

आखाजीच्या तोंडावर कोण येतंय, सगळं हॉटेल रिकामं होतं. मालक काउंटरवरून उठून हसत पुढे आले. राजस्थानकडचं व्यापारी घराणं, पण तीन पिढ्या शहाद्यात काढलेल्या, आमच्यासारखीच अहिराणी. आपण त्यांना शेठ म्हणू.

‘या माय, या. बराच उशीर कया. घाटमा बठी ग्यात ना वहिनी? गाडी लागनी ना त्यास्ले?’

मी म्हटलं, तुम्हाला कसं माहीत?

शेठ मोठ्याने हसले आणि माझ्याशी शाळेतल्या मराठीत बोलले. ‘तो बोललाच होता! म्हणाला, माझी बहीण मास्तरीण आहे. ती आधी प्रश्न विचारेल, मग बसेल.’

मला वाटलं आबांनी कोणाला तरी फोन केला. पण आबांना आम्ही कुठे गेलो तेच माहीत नव्हतं, आणि आम्ही कुठल्या हॉटेलात थांबणार हे तर मलाही माहीत नव्हतं. मी विचारलं, कोण बोलला?

‘तुमचे भाऊ. कठड्याचा टेबल धरून ठेवला त्यांनी. या ना.’

त्या टेबलाला चार खुर्च्या होत्या. तीन खुर्च्यांची तोंडं दरीकडे. चौथी मात्र कोणीतरी उलटी फिरवून ठेवलेली, दरीकडे पाठ आणि तोंड रस्त्याकडे, जिथून आमची गाडी आली त्या वळणाकडे. त्या खुर्चीपुढे एक रिकामं ताट होतं. लख्ख. त्यावर पेला पालथा घातलेला.

वहिनीने माझा दंड धरला. तिची नखं रुतलेली मला कळत होती.

शेठ आपल्याच नादात होते. ‘मी म्हटलं भाऊ, इथे सगळे दरी बघायला येतात, तुम्ही उलटे काय बसता? तर म्हणाले, मला रस्ताच बघायचा आहे. ताट उचलायला लागलो तर म्हणाले, राहू द्या, माय उचलेल. आणि धुऊन प्यायले हो ताट! आजकाल कोण करतं असं? माझे आजोबा करायचे.’

‘कोठे शे तो?’ मायचा आवाज मला ओळखू आला नाही.

‘गयात ना माय. तुम्ही येवाना जरासा आगोदर. तो खाले पायवाट उतरस ना, तठून.’ त्यांनी ओट्याच्या कडेकडे बोट केलं. ‘तुमनं जेवन सांगी ग्यात. बठा, आनस.’

मी पळत त्या कडेला गेले. पायवाट होती. म्हणजे एके काळी असावी. चार पावलांवर काटेरी तार लावलेली, आणि तारेपलीकडे दरड कोसळून वाट तुटलेली. खाली नुसता सुटलेला मुरूम आणि करवंदीच्या जाळ्या. मी खूप हाका मारल्या. दादा म्हणून ओरडायला किती दिवसांनी तोंड उघडलं होतं. दरीतून माझाच आवाज परत आला, जरा उशिराने. त्याला प्रतिध्वनी म्हणतात, मी दरवर्षी शिकवते.

परत आले तेव्हा शेठ ताटं मांडत होते. वहिनीपुढे शेवभाजी. ‘ते म्हणाले, तिला काय हवं विचारू नका, ती काहीही चालेल म्हणेल. शेवभाजी द्या.’ माझ्यापुढे भरीत आणि तळलेल्या मिरच्या, देठ काढून. देठ असलेली मिरची मी खात नाही, घरात यावरून मला चिडवायचे. आणि मायपुढे वाटीत दूध आणि दादर ज्वारीची भाकरी, कडा सगळ्या काढून टाकलेली, नुसता मधला मऊ भाग.

‘तिला आता चावत नाही म्हणाले.’

दादा गेला तेव्हा मायचे दात ठणठणीत होते, ती ऊस सोलून खायची. तिच्या दाढा पडल्या त्या अलीकडे. हे त्याला कोणी सांगितलं? ‘आता’ हा शब्द त्याच्या तोंडी कुठून आला?

माय त्या पालथ्या पेल्याकडे बघत उभी होती. मग शेठना तिने विचारलं, अगदी हळू, ‘तो जेवना का? पोटभर जेवना?’

‘हा माय. दोन भाकरी खाद्यात. उडीदनी दाय, आमचूर टाकेल. भुक्या व्हतात भलता.’

‘आमनी वाट नही देखी?’

‘मी बोलनू थांबा, घरना लोके येतीन, संगे बठा. ते बोलनात, नही, आज माले आगोदर जेवनं पडी.’

मी मायच्या चेहऱ्याकडे पाहत होते. मला वाटलं ती कोसळेल. पण तिचा चेहरा सैल झाला. इतक्या वर्षांत कपाळावर जी आठी बसली होती ती उतरली, मी डोळ्यांनी पाहिली उतरताना. तिने पेला सरळ केला, ताट दोन्ही हातांनी उचललं आणि छातीशी धरलं.

‘पोर,’ ती वहिनीला म्हणाली, ‘मन्हा बापू मन्हा आगोदर कधी जेवना नही. जित्ता ऱ्हाता ते थांबता. उपाशी थांबता.’ आणि म्हणाली, ‘आगोदर पितर जेवस. मंग घर जेवस.’

वहिनी टेबलावर डोकं टेकवून रडली. मोठ्याने, कोणाची पर्वा न करता. ती अशी रडलेली मी कधीच पाहिली नव्हती, कारण आजवर तिला रडायचीही परवानगी नव्हती. रडली तर तो गेला असं होईल, म्हणून. मी तिला जवळ घेतलं. मलाही खूप रडू येत होतं, पण माझ्या रडण्यात राग होता आणि तो कोणावर काढावा ते कळत नव्हतं.

मायने ती उलटी खुर्ची फिरवली, दरीकडे तोंड केलं, तिच्यावर बसली आणि जेवली. दुधात भाकरी कुस्करून, सावकाश, सगळी. सगळ्यांच्या शेवटी नाही, घाईत नाही. जेवताना दरीकडे बघत होती. एकदा म्हणाली, ‘भलती चांगली जागा शे रे बापू.’

मी नाही जेवले. मी काउंटरवर गेले. इतकं होऊनही मी मास्तरीणच ना. शेठना म्हटलं, तुमच्याकडे कॅमेरा आहे, मला बघायचंय. तोवर शेठनाही काहीतरी वेगळं चाललंय हे कळलं होतं. त्यांनी निमूटपणे चित्रण मागे नेलं.

कॅमेरा गल्ल्याच्या वर. कठड्याचा टेबल त्यात येतो, पण छपराचा एक खांब मध्ये आहे आणि नेमकी ती चौथी खुर्ची खांबाआड जाते. चित्रात शेठ दिसले, पाण्याचा पेला ठेवताना. वाकून बोलताना. मान डोलावून हसताना. ताट नेऊन ठेवताना. पण खुर्चीत कोण आहे ते नाही. एक कोपरसुद्धा नाही. तिथे कोणी येताना दिसत नाही, उठून जातानाही दिसत नाही. शेठनी ते दोनदा पाहिलं आणि खिशातला रुमाल काढून तोंड पुसलं. आत चुलीवर भाकऱ्या थापणाऱ्या बाईंना विचारलं, तर त्या म्हणाल्या, भाकरी केल्या एवढं खरं, माणूस काही पाहिला नाही.

मी मोबाईलमधला दादाचा फोटो काढला. वहिनीच्या गावच्या लग्नातला, निळा शर्ट, दात दाखवून हसतोय.

शेठनी मोबाईल हातात घेतला. ‘हेच,’ ते लगेच म्हणाले. मग जरा लांब धरून पाहिला, परत जवळ घेतला. ‘पण फोटो जुना आहे ना मॅडम? आता बरेच उतरलेत. इथे कानापाशी पांढरे झालेत केस.’

मी मोबाईल परत घेतला आणि म्हटलं, हो, जुना आहे.

दुसऱ्या दिवशी आखाजी. पहाटे माय उठली, भिंतीशी पालथी घातलेली घागर तिने सरळ केली, आणि वहिनीने पाणी ओतलं. वर आंबा ठेवला. आबांना पितर म्हणून कोणाला बोलवायचं ते विचारायचं होतं. माय म्हणाली, कोणी नको, पितर जेवून गेला. आबांना काही समजलं नाही, पण घागर भरली यातच ते भरून पावले, डोळे पुसत बसले. पावसाळ्याआधी वहिनी विसरवाडीला गेली. दुकानाच्या मागच्या खोलीत तिचं शिवणयंत्र आहे, हाताखाली दोन पोरी शिकतात. परवा फोनवर कुठल्याशा गिऱ्हाइकाची नक्कल करत होती. किती दिवसांनी तिला असं ऐकलं. माय आता दोन घास जास्त खाते. दुरडीतली भाकरी तिने त्याच रात्रीपासून बंद केली.

लोक मला म्हणतात, चला, आता तरी मानलंस ना? आणि इथेच माझी गोची आहे.

मानलं तर सगळं कसं नीट बसतं. दादा त्या यात्रेतच गेला. आपली माणसं डोंगरावर आली म्हणून एकदाच आला, तिघींच्या आवडीचं सांगितलं, आपला घास घेतला आणि मोकळा झाला. माय आणि वहिनीने तेच मानलं आणि दोघी सुटल्या. मला त्यांचा हेवा वाटतो.

पण मी भूत मानत नाही. मग उरतं ते असं की एक जिवंत माणूस त्या खुर्चीत बसला होता. त्याला मायच्या दाढा पडल्याचं ठाऊक होतं, म्हणजे तो कुठून तरी आम्हाला बघतो. तो रस्त्याकडे डोळे लावून बसला आणि आमची गाडी वळणावर दिसल्यावर उठून गेला. आणि मायच्या आधी जेवला, म्हणजे माय काय समजेल हे त्याला पुरतं ठाऊक असताना जेवला. हे मला भुतापेक्षा भयंकर वाटतं. मी दोन वेळा एकटी परत तोरणमाळला जाऊन आले. ती वाट खरंच तुटलेली आहे. तिथून कोणी उतरू शकत नाही, पाड्यावरचे लोकही हेच सांगतात. मग तो गेला कुठून?

पांढऱ्या केसांचं मी मायला सांगितलेलं नाही. वहिनीलाही नाही. आज पहिल्यांदा इथे लिहिते आहे, त्या दोघी हे सदर वाचत नाहीत म्हणून. मेलेल्या माणसाचे केस पांढरे होत नाहीत ना? एवढं एक कोणी मला सांगाल का... किंवा नकोच, राहू द्या.

रात्री माझ्या स्वयंपाकघरात भाकऱ्या होतात तेव्हा हल्ली मी एक जास्त थापते. नवरा विचारतो, ही कोणासाठी? मी म्हणते, सकाळी डब्याला होईल. आणि ताट पालथं घालून झाकून ठेवते.